पाणी आला, पाणी आलं

हिंगणघाटहून निघताना वहिनीने गाडीत तीन वस्तू ठेवल्या: छत्र्या, सांभारवडीचा भलामोठा डबा आणि एक जुनी चादर. छत्र्यांचं आणि डब्याचं कळलं. चादर कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "ठेवा ताई, लागते." वहिनीशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, म्हणून मी गाडी सुरू केली.

मागे साधना, बाजूला मृणाल. दोघी माझ्या पुण्याच्या शाळेतल्या मैत्रिणी. साधना विज्ञान शिकवते, मृणाल चित्रकला, आणि मी हिंगणघाटची मुलगी पुण्यातल्या पोरांना मराठी शिकवते. या शेवटच्या गोष्टीचं स्टाफरूममध्ये सगळ्यांना फार कौतुक. कौतुक कसलं, टिंगलच. एकदा वर्गात लिंगविचार चालू होता. फळ्यावर मीच लिहिलं होतं, पाणी: नपुंसकलिंग. तेवढ्यात बाहेर पावसाची सर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलांनो, खिडक्या लावा, पाणी आला." वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत ती गोष्ट स्टाफरूममध्ये पोचली, आणि तेव्हापासून आभाळ भरलं की साधना विचारते, "नंदा, पाणी आला का गं?"

मीही हसते. पण खरं सांगते, लागायचं. आमच्या घरी पाऊस हा शब्द पुस्तकात राहायचा. बाहेर जो पडायचा तो पाणी. तो यायचा, तो थांबायचा. चौदा वर्षं पुण्यात राहून मी ते सगळं घासून पुसून काढलं होतं, आणि एक सर आली तर सगळं परत जागच्या जागी.

त्यात धबधब्याचा विषय निघाला. साधनाचं माहेर साताऱ्याकडचं, तिला धबधब्यांचं काय अप्रूप. "वर्ध्याला धबधबा? कशाचा, उन्हाचा?" असं ती म्हणाली आणि माझं डोकं सटकलं. आष्टीच्या डोंगरात आहे, म्हटलं. दाखवतेच तुम्हांला. म्हटलं खरं, पण तो मी शेवटचा पाहिला तेव्हा मी बारा वर्षांची होते, दादाच्या सायकलवर मागे बसून गेले होते. पोळ्यानंतर जोडून सुट्ट्या आल्या आणि या दोघी खरंच माझ्यासोबत गाडीत बसल्या. आता माझी सगळी इज्जत एका धबधब्यावर अडकली होती, आणि तो जागेवर असेल की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी वर्ध्यात तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा, पोह्यांवर ओतायचा. मृणालने पहिल्या घासालाच पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि मग दुसरी प्लेट मागितली. सांभारवडीही तिने सेलूच्या आधीच उघडली. सांभार म्हणजे सांबार असेल अशी तिची समजूत होती, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर हे कळल्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे ओळखीचे शब्दसुद्धा भलत्याच घरी राहतात गं." मला ते आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

आष्टीच्या आधी बोरधरणाकडे जायचं ठरलं होतं. हिंगणीला चहा प्यायला थांबलो. चहावाल्या काकांना विचारलं, इकडे कुठे धबधबा आहे का.

"धबधबा?" काका विचारात पडले. "ओव्हरफ्लो म्हनता का?"

"नाही, धबधबा. डोंगरावरून पडतो तो."

"मंग ओव्हरफ्लोच. पन यंदा नाई झाला अजून. चार दिवस दमदार पाणी पडला की होते."

पुढे आणखी दोघांना विचारलं, दोघांनीही ओव्हरफ्लोच सांगितला. धरणाची भिंत ओलांडून पाणी सांडव्यावरून पडतं, ते पाहायला सगळा जिल्हा लोटतो, तेव्हा धबधबा म्हणजे तोच. मागे बसलेली साधना आरशात हसताना दिसली.

धरण मात्र सुंदर होतं. पसरलेलं करडं पाणी, पलीकडे जंगलाचे हिरवे डोंगर. मृणालने तासभर चित्र काढलं. परत हिंगणीत आलो तर सर आली आणि चहावाले काका ओरडले, "पाणी आला, आत या वो." साधनाने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी शिक्षिकेच्या आवाजात समजावून सांगितलं: आमच्याकडे पाणी म्हणजे पाऊस. पाऊस पुल्लिंगी, म्हणून हाही पुल्लिंगी.

"म्हणजे इकडे कोणी पाणी म्हटलं की पाऊस समजायचं," साधना म्हणाली. विज्ञानाची बाई, तिला नियम लागतो.

"हो," मी म्हटलं. समोरची भजी गार होत होती, म्हणून मी तेवढ्यावरच सोडून दिलं.

रात्री आर्वीला मावशीकडे मुक्काम करून रविवारी आष्टीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, मधे मधे संत्र्याच्या बागा. बेचाळीसच्या लढ्यामुळे आष्टीचं नाव दोघींना माहीत होतं, पण तिथे डोंगर आहेत हे माहीत नव्हतं. आष्टी सोडून कच्च्या रस्त्याला वळलो आणि दहाव्या मिनिटाला गाडीचं मागचं चाक काळ्या मातीत रुतलं. काळी माती पायाला लागली तर चप्पल सोडत नाही, मग चाकाला कशी सोडणार? आम्ही ढकललं, दगड लावले, चिखलाने माखलो. शेवटी मला चादर आठवली. चाकाखाली घातली आणि गाडी एका झटक्यात बाहेर. मी तिथूनच वहिनीला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं," आणि फोन ठेवला.

पुढे गाडी नेण्याची कोणाची हिंमत नव्हती. डबा घेऊन चालत निघालो. टेकडीच्या पायथ्याशी एक म्हाताऱ्या बाई शेळ्या चारत उभ्या होत्या, काखेत काळी छत्री. शेळ्यांशी त्या गोंडीत बोलत होत्या, आमच्याशी वऱ्हाडीत बोलल्या. नाव रेसाबाई.

"कोनाकडच्या वो तुम्ही?"

"मी हिंगणघाटची. ह्या पुण्याच्या. धबधबा पाहायला आल्या."

"पुण्यावरून? तिकडं नाई का धबधबे?" रेसाबाईंनी खऱ्या काळजीने विचारलं. साधनाला हसू आवरेना. मी हात वर करून खूण केली, डोंगरावरून पाणी पडतं ती जागा. "धार म्हना ना मंग," रेसाबाई म्हणाल्या. "हे काय, ह्या पायवाटेनं सरक्या जा. पन खाली लय वेळ बसू नोका. वरतं अंधारून राह्यलं."

चार थेंब पडले. "पाणी आला पाह्य," असं म्हणत त्यांनी छत्री उघडली आणि शेळ्यांमागे वर चढून गेल्या. थेंब लगेच थांबले.

धार जागेवर होती. तेवढंच. बारा वर्षांच्या मला जो कडा आभाळाला टेकलेला वाटला होता, तो दीड मजली घराएवढा निघाला. त्यावरून नळ सोडल्यासारखी एक बारीक धार खालच्या कुंडात पडत होती, तीही वाऱ्याने इकडेतिकडे होणारी. मैत्रिणींना जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ही एवढीशी धार दाखवली होती.

"छान आहे गं," मृणाल म्हणाली. ती मनाने चांगली आहे.

साधनाने बूट काढले, नाल्याच्या मधल्या मोठ्या दगडावर जाऊन बसली, पाय पाण्यात सोडले. मग डबा उघडत म्हणाली, "नंदा, आमच्या गच्चीची टाकी भरली की अशीच धार पडते." मृणालही हसली. सहलीला येऊन रडायचं नाही म्हणून मी पाठ फिरवून कपारीतली फुलं बघत बसले.

तेवढ्यात वरून हाक आली. रेसाबाई कड्याच्या बाजूला उंचावर उभ्या होत्या, दोन्ही हात हलवत होत्या.

"पाणी आलं! पाणी आलं वो!"

साधनाने वर पाहून हात हलवला. "येऊ दे की," ती म्हणाली, "आधीच चिखलात लोळलोय, भिजलो तर धुऊन तरी निघू." मृणाल पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहून फोटो काढत होती, तिने मानसुद्धा वळवली नाही. पाणी म्हणजे पाऊस. मीच शिकवलं होतं.

पण माझ्या कानाला काहीतरी खटकलं. आलं. आला नाही, आलं. अर्ध्या तासापूर्वी याच बाई चार थेंबांना आला म्हणाल्या होत्या. पावसाला त्या आलं म्हणणार नाहीत, माझी आई म्हणाली नसती, कोणीच म्हणत नाही. आलं म्हणजे आभाळातलं नव्हे. आलं म्हणजे नाल्यातलं.

मी खाली पाहिलं. साधनाच्या पायाभोवतीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

"ऊठ," मी ओरडले. "ऊठ साधना, पूर येतोय." ती "अगं पण पाऊस कुठे" म्हणेपर्यंत मी पाण्यात उतरून तिचं मनगट धरलं होतं. मृणालला दुसऱ्या हाताने ढकललं. कशा चढलो आठवत नाही. साधनाचा गुडघा फुटला, माझी बांगडी गेली. रेसाबाई निम्म्यापर्यंत खाली आल्या होत्या, त्यांनी छत्रीची मूठ पुढे केली आणि ती धरून आम्ही एकेक वर आलो.

मग आवाज आला. आधी गडगडाट, मग कड्यावरून लाल गढूळ पाणी एकदम खाली कोसळलं, फांद्या, पाचोळा, सगळं घेऊन. बघता बघता कडा दिसेनासा झाला. साधना बसली होती तो दगड दिसेनासा झाला. डबा गेला, तिचा एक बूट गेला. तुषार आमच्या तोंडावर येत होते आणि डोक्यावर एक थेंबही पडत नव्हता.

साधना माझा हात सोडत नव्हती.

"म्या इतक्या हाका मारून राह्यली, अन् ह्या हात हालवून राह्यल्या," रेसाबाई म्हणाल्या. "काऊन वो, मराठी समजत नाई का यायले?"

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर मघाचं रडूही आलं. मी त्यांना सगळं सांगितलं, आला आणि आलं, आणि यांना वाटलं पाऊस. रेसाबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. "त्यात समजाचं काय हाय," त्या म्हणाल्या. "आला त छत्री उघडाची. आलं त पळाचं."

साधनाने ते दोनदा म्हणून घेतलं. मग त्या लाल पाण्याकडे पाहत म्हणाली, "मोठा आहे गं तुझा धबधबा."

ती आष्टीच्या बाजारापर्यंत एका बुटावर आली. तिथे तिने रबरी चप्पल घेतली आणि दुकानदाराला दुसरा बूट कुठे गेला हे तपशीलवार सांगितलं. परतीच्या रस्त्याला वहिनीचा फोन आला, डबा परत आणा म्हणून. डब्याचं काय झालं हे आम्ही तिला घरी जाऊनच सांगितलं, आणि मग तिघींनी मिळून बोलणी खाल्ली.

इतकी वर्षं मी समजत होते की घरची भाषा सैल आहे आणि फळ्यावरची नेमकी. पुण्यात आल्यापासून मी एका अक्षराची लाज धरून बसले होते, आणि गोंडी बोलणाऱ्या रेसाबाईंची तर ती घरची भाषाही नव्हती, तरी त्यांचं ते अक्षर चुकलं नाही.

शाळा सुरू झाली. परवा सुटल्यावर आम्ही तिघी फाटकात उभ्या होतो, आभाळ भरून आलं होतं. पहिले थेंब पडले. मी सवयीने साधनाच्या प्रश्नाची वाट पाहिली. तिने पिशवीतून छत्री काढली, उघडली, आणि मला आत ओढून घेत म्हणाली, "चल, पाणी आला." मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती हसत नव्हती, रिक्षा शोधत होती.