धुऱ्यावरचा बॉल

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस अनसिंगच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकं टेनिसही कुणी खेळलं नाही. अर्थात पंचक्रोशीत टेनिस धड येणारी माणसंच मुळी दोन होती. एक हे, ज्यांना बहीण मामाजी म्हणायची म्हणून मीही मामाजी म्हणू लागलो. आणि दुसरे त्यांचे धाकटे चुलतभाऊ बापू. तरुणपणी कापसाच्या गाड्या घेऊन दोघे वाशीमच्या एका जिनिंग कारखान्यात जात. तिथल्या साहेबाला संध्याकाळी खेळायला गडी मिळत नसत, म्हणून त्याने या दोघांच्या हातात रॅकेटी दिल्या. साहेब विलायतेला गेला, पण जाताना हे खूळ ज्वारी-कपाशीच्या मुलखात कायमचं ठेवून गेला.

मामाजींनी आपल्या खळ्याचंच कोर्ट केलं होतं. मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून चोपून वर शेणाने असं सारवलेलं की बॉल पडला की ठणकन वर यायचा. ज्वारी खळ्यात आली की टेनिस बंद आणि रास घरी गेली की पुन्हा सुरू, असा त्यांचा हंगाम असे. पण कोर्ट झालं तरी मूळचं ते खळं, तेव्हा तिथे पायात काही घालून पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. एकदा तहसीलदार मोठ्या हौसेने नवे पांढरे बूट घालून खेळायला आले, तर मामाजींनी ते बूट धुऱ्यापलीकडे, म्हणजे वावराच्या बांधापलीकडे, काढून ठेवायला लावले. त्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आपली रीत मामाजींनी टेनिसलाही लावलेली. पहिला पॉइंट 'लाभ', मग तीस, मग चाळीस. टेनिसात 'लव्ह' म्हणजे शून्य, तेव्हा हा 'लाभ' आपल्या नावावर पडला की प्रतिपक्षाच्या, हे तहसीलदारांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि ते पुन्हा आलेही नाहीत.

सगळ्यात मोठं नवल वेगळंच होतं. हे दोघे जोडीदार एकमेकांशी बोलत नसत. त्यांच्या वावरांमधला धुरा कुणाच्या नांगराने कुणाच्या बाजूला सरकवला यावरून वाशीमच्या कोर्टात दावा चालू होता आणि बोलणं त्याच्याही आधी बंद पडलं होतं. पण दुसरा जोडीदार आणायचा कुठून? एका बाजूला एकट्यानेही खेळता येतं, असं मी एकदा मामाजींना सुचवून पाहिलं. मी गावच्या शाळेतला मास्तर, चार पुस्तकं वाचलेला. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "एकट्याचं टेनिस म्हंजे एका बैलाची वखरनी, मास्तर." तेव्हा दोघे रोज एका बाजूला उभे राहत, पलीकडे मी आणि जो सापडेल तो. निरोप माझ्यामार्फत जायचे. "मास्तर, त्यायले म्हना, जाळीपाशी सरका." मी जाळीवरून ते बापूंना सांगायचो, आणि हाताच्या अंतरावर उभे असलेले बापू, जणू तार आली आहे अशा थाटात, ऐकून सरकायचे. दोघांच्या मधोमध चुन्याची एक रेघ होती, जी टेनिसच्या कुठल्याही पुस्तकात नाही. रेघेच्या डावीकडचा बॉल मामाजींचा, उजवीकडचा बापूंचा. रेघेवर पडलेला बॉल मात्र कुणाचाच नाही. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल पडायला नको म्हणून दोघेही तो शांतपणे जाऊ देत.

अशात वाशीमच्या क्लबाने सिमेंटचं पक्कं कोर्ट बांधलं आणि दुहेरीचे सामने जाहीर केले. अकोल्या-अमरावतीचे वकील-डॉक्टर येणार होते, शिवाय नागपूरच्या एका क्लबातले दोन मार्कर, म्हणजे पगार घेऊन टेनिस शिकवणारी, याच धंद्यावर पोट असलेली माणसं. मामाजींनी त्याच दिवशी ओसरीच्या कोनाड्यातला कंदील खाली उतरवला. तिथे आता कप बसणार होता आणि तोवर दुसरं काही ठेवायचं नव्हतं. घरातली माणसं अंधारात ठेचकाळू लागली, बहिणीने तर पायाचं नखच फोडून घेतलं, पण कंदील वर गेला नाही.

एकाच आळीतून निघून, दोन वेगवेगळ्या रेंग्यांतून, म्हणजे छोट्या बैलगाड्यांतून, एकामागे एक असे दोघे वाशीमला पोचले. आणि जिंकत गेले! सिमेंट तापून तव्यासारखं झालं होतं तरी दोघे अनवाणी. मी रेघेबाहेर घागर घेऊन बसायचो आणि निरोप पोचवायचो. अंतिम सामन्याला मात्र पंचाच्या खुर्चीवर अकोल्याचे एक कडक वकील बसले. त्यांनी मला पहिल्याच निरोपाला दटावलं की बाहेरच्या माणसाने खेळाडूशी बोलायचं नाही. झालं. आमची तार तुटली. समोर नागपूरचे मार्कर होते, त्यांनी थोड्याच वेळात हेरलं की या दोघांच्या मध्ये टाकलेला बॉल परत येत नाही. सिमेंटवर चुन्याची रेघ नव्हती, पण ती कुठे आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तरीही मामाजी सोडायला तयार नव्हते. तळपायाला फोड आलेले, धोतर घामाने भिजलेलं, पण आपल्या हद्दीतला एकेक बॉल ते पळून पळून काढत होते, आणि बापू आपल्या हद्दीतला. एकेक सेट झाला. तिसऱ्यात पाच-पाच. तेवढ्यात मार्करने एक उंच बॉल उचलला, तो आभाळात जाऊन बरोबर दोघांच्या मधोमध उतरू लागला. दोघे थांबले. बॉल खाली येत राहिला. आणि बापू म्हणाले,

"दादा, घ्या. तुमचाच हाय तो."

मामाजींनी रॅकेट उचलली होती. बॉल सोपा होता, शाळेतल्या पोरानेही मारला असता. पण मामाजी बॉल सोडून मागे वळले आणि बापूंकडे बघतच राहिले. बॉल त्यांच्या पाठीमागे टप्पा घेऊन निघून गेला. तो गेम गेला, पुढचाही गेला, आणि कप नागपूरला गेला.

परतताना मामाजी बापूंच्या रेंगीत बसले. त्यांची रिकामी रेंगी मी हाकत मागून आलो. घरी येऊन त्यांनी कंदील आपल्या हाताने कोनाड्यात ठेवला आणि बहिणीला म्हणाले, "बापू बोलला." दुसऱ्या दिवशी खळं सारवलं गेलं, त्यात चुन्याची रेघ बुजली. दावा मात्र चालूच राहिला, कारण तो काढून घ्यायचा तर आधी माघार कुणी घ्यायची, हे ठरेना. तारखेला दोघे एकाच रेंगीतून जात आणि एकाच डब्यातली भाकर खात.

दोन-तीन हंगाम असे गेले, आणि एका पावसाळ्यात बापू तापाने गेले. मामाजींनी रॅकेट टांगून ठेवली. पुढच्या हंगामात रास घरी गेल्यावर मीच आग्रह करून त्यांना खळ्यावर नेलं. ते डावीकडे उभे राहिले, उजवी बाजू मोकळी. दोन-चार बॉल त्यांनी झकास परतवले. मग माझा एक बॉल मधोमध पडला. ते सहज पोचले असते. रॅकेट उचललीही, आणि हळूच खाली घेतली.

"काहून सोडला, मामाजी?"

"वाशीमचा त्यानं मले देल्ला व्हता," ते म्हणाले. "हा बापूचा."

आणि बॉल आणायला स्वतःच तुरीच्या वावरात उतरले.