मुंग्यांचं बिऱ्हाड

आष्ट्यात भूपालअण्णांच्या दुकानाला लोक गमतीनं पांजरपोळ म्हणतात. दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. पण कुठलाही डबा उघडण्याआधी अण्णा त्यावर बोटांनी टकटक करणार, झाकण काढून घटकाभर थांबणार, आतल्या कोळ्या-झुरळांना वाट देणार आणि मगच ब्लोअर मारणार. गिऱ्हाइकं वैतागतात, आणि पुन्हा त्यांच्याकडंच येतात. कारण अण्णा खोटं बोलत नाहीत. चांगला पार्ट बिघडला म्हणून सांगायचं, ही या धंद्यातली विद्या त्यांना तीस वर्षांत जमलेली नाही.

गेल्या माघात कुंडलच्या मनुबाई आल्या. पिशवीत जाड वहीएवढा छोटा कॉम्प्युटर. त्यांचे मालक हरिबा पलटणीतून पेन्शनवर आलेले, गावच्या भजनात पुढं बसून गायचे. ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं. गायलेलं सगळं त्यांनी या डब्यात भरून ठेवलेलं, आणि डबा वर्षभर मळ्यातल्या खोलीत पडून.

"परवा वर्षश्राद्ध हाय. येकदा आवाज ऐकवा, अण्णा," मनुबाई म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्याकडं बघून अण्णांची टकटक राहूनच गेली. त्यांनी डबा दुकानातल्या पडद्याला जोडून थेट बटण दाबलं. आतली डिस्क करकरली, पण फिरली. पडद्यावर भजनांची यादी उमटली. अशी म्हातारी डिस्क चालू आहे तोवर सगळं दुसरीकडं उतरवून घ्यायचं, मध्येच बंद करायची नाही, हे अण्णांना पाठ होतं. ते वायर जोडणार, तोच बाजूच्या जाळीतून मुंग्या बाहेर आल्या. तोंडात पांढरी अंडी. आत तापायला लागलं होतं.

अण्णांनी डबा बंद केला.

मग स्क्रू काढून झाकण उचललं. वर पंखा, शेजारी मेमरीची पट्टी, आणि डिस्कखालच्या पोकळीत माती आणून मुंग्यांनी थाटलेलं बिऱ्हाड. अण्णांनी एकेक भाग सुटा करून कापडावर मांडला. उघडा डबा ओट्यावर सावलीला ठेवला, जवळ गुळाचा खडा. मनुबाई ओट्याच्या कडेला बसल्या. मुंग्यांची ओळ भिंतीकडं सरकत होती, पण दुपार कलली तरी संपेना.

चारच्या सुमाराला डबा मोकळा झाला. अण्णांनी सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्क फिरली नाही. दुसऱ्या मशिनला लावून बघितली, सांगलीच्या दोन जाणत्यांना फोन केले. त्यांनीही हात टेकले.

"आधीच खराब होती," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मनुबाईंना काय कळणार होतं? अण्णांनी डिस्क काढून त्यांच्यापुढं ठेवली.

"सकाळी ती चालत हुती," ते म्हणाले. "मी बंद केली, म्हणून गेली. आदी उघडून बघितलं असतं तर मुंग्याबी वाचल्या असत्या आनि आवाजबी. चूक माझी हाय, मनुबाई."

मनुबाईंनी त्या सुट्या डिस्कवरून हात फिरवला.

"आमचं मालक उसाचं पाचट पेटवायच्या आदी समदं रान फिरून यायचं," त्या म्हणाल्या. "आत पिल्लं असत्यात, म्हनायचं. त्येंनीबी डबा बंदच केला असता."

अण्णांचा जीव जरा भांड्यात पडला. मनुबाईंनी डबा पिशवीत घातला, उठल्या आणि दारात थांबल्या. पदर डोळ्यांपाशी गेला.

"पर अण्णा, मला त्येंचा आवाज आठवंना झालाय वं."