देहूरोडचा फौजी

चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. लातूरकडून डिप्लोमा करून आलेला, रहाटणीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. माझी बहुतेक दुसरीच शिफ्ट असायची. कंपनीची बस दुपारी यायची, म्हणजे सकाळ सगळी मोकळी. खोलीतले बाकीचे तिघं पहिल्या शिफ्टला गेलेले असायचे. एवढ्या मोठ्या वस्तीत सकाळी नऊ ते बारा मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. म्हणून मी समोरच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत जाऊन बसायला लागलो.

कॅफेचा मालक अस्सल रहाटणीचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. घरची शेती इमारतींखाली गेली होती आणि रस्त्याकडेच्या गोठ्याच्या जागेत त्यानं प्लायवूडचे आडोसे घालून आठ कॉम्प्युटर मांडले होते. आत येताना चपला बाहेर काढायला लावायचा. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "धूळ गेली की मशीन बसतंय राव, मंग तुमी येनार का उघडायला?"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी ईमेलचं रिकामं पान उघडून बसलो होतो.

"भावा, कुनाची मेल येती रे तुला?"

"कुणाचीच नाही."

"मंग उगं कशाला बघतोस? हिकडं सरक." त्यानं माझ्या हातातला माऊस घेतला आणि एक गेम चालू करून दिला.

तो गेम इंटरनेटवर शेकडो लोक एकाच वेळी खेळायचे. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्या जगात सोडून द्यायचं. कुणी तलवारवाला, कुणी तिरंदाज, कुणी व्यापारी, कुणी जखमा बऱ्या करणारा हीलर. मी तलवार घेतली. चित्रं आजच्या मानानं अगदीच साधी, माणसांची डोकी शरीरापेक्षा मोठी. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं तर खरोखर चालत जावं लागायचं, वीस-वीस मिनिटं टिचक्या मारत. मार खाल्ला की अंगातला जीव कमी व्हायचा आणि तो भरून यायला खाली बसावं लागायचं. एक बटण दाबलं की आपला योद्धा मांडी घालून गवतात बसायचा आणि वरची लाल पट्टी मुंगीच्या पावलानं भरायची. तेवढा वेळ दुसरं काही करता यायचं नाही. शेजारी आणखी कुणी तसाच बसलेला असला तर बोलायचं, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात मी एका खाणीत शिरलो आणि मेलो. मेलं की दोन वाटा असायच्या. शहरात परत जिवंत व्हायचं, पण कमावलेला थोडा अनुभव गमवायचा. नाहीतर तिथंच पडून राहायचं आणि कुणी हीलर येऊन उठवतो का याची वाट बघायची. अनुभव घालवणं माझ्या जिवावर आलं. मी पडल्या पडल्या टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, "कुणी मराठी आहे का?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "आहे. काय झाले?"

"मेलोय."

"ठिकाण सांगावे."

"खाणीत, दुसऱ्या मजल्यावर."

"येणे होत आहे. थांबावे."

मी मेलेला माणूस, थांबण्यावाचून करणार काय? पांढरा झगा घातलेला एक हीलर राक्षसांना चुकवत चुकवत, पंचवीस मिनिटं चालत आला. मला उठवलं, शेजारी बसला आणि म्हणाला, "राहणार कुठे?" मी म्हटलं, रहाटणी. तो म्हणाला, "देहूरोड."

मी आडोशावरून डोकं काढून मालकाला ओरडून सांगितलं. तो खदखदून हसला. "देहूरोड? आन असं तारंसारखं बोलतोय? फौजी हाय त्यो, शंभर टक्के." देहूरोड म्हणजे लष्कराचं ठाणं, तेव्हा मलाही ते पटलं. त्या दिवसापासून तो हीलर आमचा फौजी भाऊ झाला.

मग आम्हा तिघांची टोळी जमली. मालकानं व्यापाऱ्याचं पात्र घेतलं होतं, मी पुढं होऊन मार खायचो आणि फौजी भाऊ मागून आम्हाला जगवायचे. वर्षभर जवळजवळ रोज सकाळी आम्ही भेटायचो. गुरुवार सोडून. गुरुवारी कंपनीला सुट्टी आणि नेमकी गुरुवारीच दुरुस्तीसाठी वीज बंद. त्या जगातल्या गवतात बसून मी किती गोष्टी सांगितल्या असतील! सुपरवायझर ओरडला ते, मेसच्या भाजीत नुसतं पाणी असतं ते, आई दर फोनवर "कधी यायलास?" म्हणते आणि मला रजा मिळत नाही ते. फौजी भाऊ स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. पण दुसऱ्या दिवशी न विसरता विचारत, "रजेचे काय झाले?"

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला कावीळ झाली. डोळे पिवळेधमक, अन्नाचा वास नको. खोलीतल्या मुलांनी पिंपरीच्या महापालिकेच्या दवाखान्यात भरती केलं. ते आळीपाळीनं डबा आणायचे, पण त्यांनाही शिफ्ट होत्या. घरी मी कळवलंच नाही. आई एकटी एवढ्या लांब धावत येईल आणि या गर्दीत हरवेल, अशी मला भीती.

पाचव्या दिवशी, भेटायच्या वेळेत, दुपारी चारच्या सुमारास वॉर्डाच्या दारात एक बाई उभ्या दिसल्या. पन्नाशीच्या, फिकट निळी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्या सिस्टरना काहीतरी विचारत होत्या आणि सिस्टर मान हलवत होत्या. शेवटी त्या आत आल्या आणि एकेका खाटेवर वाकून विचारायला लागल्या. माझ्या खाटेशी येऊन त्यांनी माझं गेममधलं नाव उच्चारलं. ते नाव एवढं बावळट होतं, की आजही मी ते कुणाला सांगत नाही.

मी उठून बसलो. "हो, मीच. तुम्ही कोण?"

"मी देहूरोडहून आले," त्या म्हणाल्या.

मला काही सुधरेना. मी त्यांच्या मागं बघितलं, फौजी भाऊ कुठं दिसतात का.

"मागं कुणी नाही रे. मीच ती. तुमचा फौजी." आणि तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या, की शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसायला लागले.

घडलं होतं असं. माझा आठवडाभर पत्ता नाही म्हणून त्यांनी गेममध्ये मालकाला विचारलं. मालकानं वॉर्ड कळवला, खरं नाव कळवायचं राहिलं. त्यांचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, मुलगा इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेलेला. त्याला मेल पाठवता यावी म्हणून त्या घरच्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकत होत्या आणि मुलानं ठेवून दिलेला गेम त्यांना सापडला.

"पण तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"तुम्हीच पहिल्या दिवशी भाऊ म्हणून मोकळे झालात. बाई आहे म्हटलं असतं तर निम्मे पळाले असते आणि निम्मे मागं लागले असते. त्यापेक्षा भाऊ बरा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. येणे होत आहे, पोचणे झाले, थांबावे. आलो म्हणावं तर खोटं आणि आले म्हणावं तर सोंग उघडं पडणार, म्हणून वर्षभर त्यांनी एक क्रियापद सरळ वापरलं नव्हतं. आणि आम्ही त्याला लष्करी शिस्त समजत होतो.

त्यांनी पिशवीतून मऊ भात, भिजवलेल्या काळ्या मनुका आणि फुटाणे काढले. चमच्यानं भात कालवता कालवता विचारलं, "घरी कळवलंस?" गेममध्ये अहोजाहो होतं, ते पाच मिनिटांत संपलं होतं.

"नाही. आई घाबरेल."

त्यांनी आपला मोबाईल माझ्यासमोर धरला. मी गावाकडं घराशेजारच्या दुकानाचा नंबर लावला, आईला बोलवायला सांगितलं. मी बोलता बोलता रडायला लागलो, तसा त्यांनी फोन घेतला. "काळजी करू नका ताई. उतार पडतोय त्याला. मी आहे इथं." पलीकडून आईनं कोण बोलतंय विचारलं असणार. त्या म्हणाल्या, "मी त्याच्या कामावरची."

रोज लोकलनं त्या पिंपरीला यायच्या. मला घरी सोडेपर्यंत, नऊ दिवस. मी त्यांना काकू म्हणायला लागलो, पण त्यांनी आधीच बजावलं, "गेममध्ये मात्र भाऊच म्हण. तिथं माझी अब्रू आहे."

पुढं दोनेक वर्षांत गेम चालवणाऱ्यांनी तो बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दुपारी मी रजा टाकली. मुख्य शहराच्या चौकात शेकडो लोक जमले होते. कुणी लढत नव्हतं. सगळे मांडी घालून बसले होते आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते. मग पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना आली. मालकानं आठही मशीन एकेक करून बंद केली आणि मला म्हणाला, "चल, च्या पिऊ."

काकूंची गाठ मात्र सुटली नाही. माझ्या लग्नात त्या आणि मालक पहिल्या रांगेत होते. आईनं सगळ्यांना त्यांची ओळख करून दिली, "ह्या ह्याच्या कंपनीतल्या मोठ्या मॅडम." काकूंनी मान तुकवून ती बढती स्वीकारली.

आता मी चाकणलाच मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. रहाटणीत स्वतःचा फ्लॅट आहे. कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर आजकालचा गेम खेळतो. दिसायला विलक्षण सुंदर. झाडाच्या पानापानाची सावली हलते. पण त्यातला योद्धा आपला आपण चालतो, आपला आपण लढतो. मोशीच्या सिग्नलला माझा डोळा लागला आणि चाकणच्या चौकात जाग आली, तर मधल्या वेळात माझी लेव्हल वाढलेली असते. चार अनोळखी सोबती दहा सेकंदांत मिळतात, तीन मिनिटांत लढाई उरकते आणि चौघं चार दिशांना नाहीसे होतात. असे शेकडो सोबती झाले असतील, एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. मी हे बोलून दाखवायचो, बायको ऐकून घ्यायची.

मध्यंतरी मालकाचा फोन आला. कॅफेच्या जागी आता त्याची चार मजली इमारत आहे, केस पांढरे झालेत, आवाज तोच. "आरं, कुनीतरी आपला जुना गेम परत उभा केलाय. फौजीला घिऊन बसू की!"

गुरुवारी सकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन देहूरोडला काकूंकडे गेलो. काकू सत्तरीच्या पुढे गेल्यात. काका निवृत्त, गॅलरीत कुंड्यांशी खुडबुड करत होते. गेम सुरू झाला आणि ते सुरुवातीचं संगीत वाजलं. माझ्या अंगावर काटा आला. मालकानं डोळे पुसले आणि चष्म्याला नावं ठेवली.

अर्धा तास आम्ही खेळलो. म्हणजे चाललो. शहरातून गवतात, गवतातून जंगलात. मग बसलो. पट्टी भरेना. मालक म्हणाला, "आपन येवढं चालायचो व्हय?" आणि मला जाणवलं, की माझा हात खिशातल्या फोनकडे गेलाय. मला कंटाळा आला होता. ज्या गेमसाठी मी इतकी वर्षं हळहळलो, त्याचा मला अर्ध्या तासात कंटाळा आला होता, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

काकूंनीच लॅपटॉप मिटला. "पुरे. गुडघे दुखायला लागले."

"गेममधले का तुमचे?"

"दोन्हीकडचे." त्यांनी उशीजवळचा फोन उचलला. "माझी अकराची लढाई आहे. बसा गप्प."

बघतो तर मी बसमध्ये खेळतो तोच गेम, आणि त्यांची लेव्हल माझ्या दुप्पट. बंगळुरूच्या नातीनं शिकवला म्हणे. फोनचा माइक चालू होता. लढाई सुरू व्हायच्या आधी काकूंनी त्या चार अनोळखी पोरांना आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "नाश्ता किया क्या सबने?" पलीकडून कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, "हाँ दादी." आणि पुढची तीन मिनिटं काकू "पीछे हटो बेटा, मैं देखती हूँ" म्हणत त्यांना सांभाळत होत्या. लढाई संपल्यावरही ती पोरं गेली नाहीत. एकानं परीक्षेचा निकाल सांगितला.

"काकू, आजकाल कुणी बोलतच नाही, असं मी समजत होतो," मी म्हणालो.

"तू माइक चालू करतोस?"

मी कधीच केला नव्हता.

"मग लोकांना काय स्वप्न पडणार? तेव्हा बसावं लागायचं म्हणून बोललास. आता आपण होऊन बोलावं लागतं." एवढं बोलून त्या पोळ्या लाटायला उठल्या. मालकानं कांदा चिरला, काकांनी पानं घेतली. पोटभर जेवून, वामकुक्षी करून, आम्ही चारच्या सुमारास निघालो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी कानात इअरफोन घातले आणि माइक चालू केला. शेजारी बसलेला स्टोअरचा माणूस माझ्याकडे बघत होता, त्यामुळे घसा खाकरून, हळूच म्हटलं, "नमस्कार. मंडळी, चहा झाला का?"

दोघांनी उत्तर दिलं नाही. एकानं लगेच आपला आवाज बंद केला. चौथा मात्र म्हणाला, "आत्ताच घेतला राव. तुमचा?" तो जळगावकडचा होता, त्याचं औषधांचं दुकान होतं आणि सकाळी गिऱ्हाईक नसतं म्हणून खेळत बसला होता. आमचं बोलणं चाकणच्या चौकापर्यंत चाललं. लढाई आम्ही सपाटून हरलो.