जिन्यातला निळा खडू

मास्तरला लकव्याचा झटका आला त्याला चौदा महिने झाले. दुकान माझं, पण कापायचं त्याने, शिवायचं मी, ही आमची बावीस वर्षांची वाटणी. झटक्यानंतर आठवडाभर त्याचा डावा हात लुळा होता, तोंड वाकडं होतं. मग सगळं जागेवर आलं. हात चालतो, पाय चालतो, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालते. डॉक्टरही म्हणाले, कामावर जायला हरकत नाही.

आला. सकाळी एक पँट अशी कापायचा की बघत राहावं. दुसरीचं कापड पसरलं की मान लटकायची. अकराला कापडाच्या गठ्ठ्यांमागे आडवा, दोनला घरी. विचारलं तर, "थकलो रे," एवढंच. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे मलाही ठाऊक आहे. पण चौदा महिन्यांत मुंगीसुद्धा कुठेतरी पोचते. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कसं करणार?

त्यात कापडावर खुणा करायचे निळे खडू कमी व्हायला लागले. आणि एकदा सकाळी, त्याने टेबलाला हात लावायच्या आधीच, मला त्याच्या नखांत निळा खडू दिसला. शिंप्याला याचा एकच अर्थ कळतो: माणूस दुसरीकडे कापतोय. माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्याकडे झोपा काढायच्या, ताकद राखायची, आणि घरी स्वतःची गिऱ्हाइकं. मी तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या एका कटरला सोमवारपासून ये म्हणून सांगून टाकलं. मास्तरचं टेबल त्याला द्यायचं. मास्तरला रंगेहाथ पकडायचं तेवढं बाकी होतं.

शुक्रवारी दोन वाजता मी त्याच्या मागे निघालो. तो बसस्टॉपवर बसला. एक बस गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. समोरच एक नवं टेलरिंगचं दुकान. वाट कोणाची बघतोय ते कळलं, म्हटलं. पण कोणी आलं नाही. चौथ्या बसला तो दांडी धरून कसाबसा चढला. मी मागच्या दाराने.

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो जिना चढायला लागल्यावर मी थोडा वेळ खाली थांबलो, मग चढायला लागलो. सातव्या पायरीवर निळी फुली. तेराव्या पायरीवर दुसरी. खिसा कुठे येणार ते दाखवायला तो कापडावर करतो, अगदी तशीच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, तिसऱ्या फुलीपाशी, मास्तर भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटलेले. शेजारी वहिनी त्याची पिशवी घेऊन.

"या भावोजी," वहिनी म्हणाल्या. "त्यांना अजून पाच मिनिटं लागतील."

"या फुल्या कसल्या?"

"सकाळी उतरताना करतात. परत येताना कुठे बसायचं ते आधीच ठरलेलं असलं की बरं पडतं. भलतीकडे बसले तर उठवत नाही. जिना रोज पुसला जातो, म्हणून रोज नव्या."

मास्तरने डोळे उघडले.

"तुला वाटतं ना, मी सोंग करतोय?"

मी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली.

"मलाही वाटतं. रोज सकाळी. म्हणतो, तुला काही झालेलं नाही, उगाच पडून राहतोस. एक पँट कापली की कळतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच."

मला माझीच लाज वाटली. सोमवारच्या माणसाचं सांगणं भागच होतं. तिथेच, जिन्यात उभा राहून सांगितलं.

"आणि माझं टेबल?" त्याने विचारलं.

"अकरापर्यंत तुझं. मग त्याचं."

त्याने शेजारच्या फुलीवर बोट ठेवलं.

"अकरा नको," तो म्हणाला. "साडेदहा ठरव. अकरापर्यंत एखाद्या दिवशी टिकलो नाही, तर मी खोटा पडेन."