बापू शिजवायचे, आम्ही वाढून घ्यायचो

एकाच ऑफिसात नऊ वर्षं काढली की किस्से साचतातच. आमच्याकडचे बहुतेक बापूंच्या नावावर आहेत. बापू जाऊन आता वर्ष होत आलं. चहाला जमलो की कुणीतरी हसत सुरुवात करतं आणि बापूंच्या शाल-श्रीफळाचा किस्सा आला की मी बाहेर जाऊन उभा राहतो. आज सगळे सांगून टाकतो.

*

ऑफिस औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावर. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. लिहिलेल्या कोडचं चालण्याजोगं पॅकेज व्हायला तीन-तीन तास लागतात. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर ते करायचं म्हणजे दिवस गेलाच. म्हणून बापूंनी पद्धत पाडली होती. ते एकटे स्वतःच्या मशीनवर पॅकेज तयार करणार, बाकीच्यांनी ऑफिसच्या नेटवर्कवरून ते आयतं घ्यायचं.

बापू गंगापूरकडचे. रोज अकराला कोपऱ्यातून हाक यायची, "शिजलं बरं का, वाढून घ्या."

आम्ही सगळे एका सुरात, "घेतलं!"

शकील नवीन होता, तो पहिल्या दिवशी डबा उघडून बसला!

*

ह्याच शकीलने एकदा मोबाईल चार्ज करायला बापूंच्या मशीनची पिन काढली. बापू दुपारीच डायलिसिसला गेले होते. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा जावं लागायचं. संध्याकाळपर्यंत कुणाला पॅकेज मिळालं नाही आणि दवाखान्यांचे फोन थांबेनात.

शकील म्हणाला, "मेरेकू क्या मालूम, पूरा ऑफिस एकच पिन पे चलता."

आम्ही हसलो. आमच्या मालकीणबाई, कुलकर्णी मॅडम, हसल्या नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मंगेश, बापूंचं सगळं काम तुझ्या मशीनवर उभं कर. सगळ्यांना तुझ्याकडून घ्यायला लाव. त्यांना इतक्यात बोलू नकोस. मार्चनंतर त्यांना विश्रांती देऊ."

बापूंचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालू होतं. नोकरी गेली की विमा गेला, हे मॅडमना ठाऊक होतं आणि मलाही. मी "हो" म्हणालो. मला बढती हवी होती. आता लाज वाटते, पण तेव्हा हवी होती.

*

एका रविवारी ऑफिसात येऊन मी सगळ्यांच्या मशीनवर बापूंच्या जागी माझ्या मशीनचं नाव घातलं.

सोमवारी अकराला हाक आली, "शिजलं बरं का, वाढून घ्या."

सगळे म्हणाले, "घेतलं!" घेतलं कुणीच नव्हतं. स्क्रीनवर माझं नाव दिसत होतं, त्यामुळे कळलं सगळ्यांना होतं. शकील सगळ्यात मोठ्याने ओरडला आणि मग दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

असं दोन महिने चाललं. बापू मधूनच विचारायचे, "कसं झालंय आजचं?"

"लई भारी, बापू."

*

एक गंमत मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. एक्स-रे दाखवणारं पॅकेज माझ्या मशीनवर काही केल्या होईना. बापूंकडे ते पहिल्या झटक्यात व्हायचं. मग मी रोज अकराला गुपचूप त्यांच्या मशीनवरून ते घ्यायचो आणि माझं म्हणून पुढे वाटायचो. मॅडमनी बढती दिली ती त्याच पॅकेजचं कौतुक करून.

*

मार्चअखेर मॅडमनी बापूंना शाल-श्रीफळ दिलं. फोटो झाले. सगळे पांगल्यावर बापूंनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं.

"मंग्या, मशीन समजून घे," म्हणाले आणि एक यादी उघडली. त्यांच्या मशीनवरून कुणी, कधी, काय घेतलं याची.

दोन महिने. रोज अकरा. एकच मशीन, माझं.

"हे रोज बघत व्हतो मी," बापू म्हणाले.

मला वर बघवेना. त्यांनी यादी बंद केली, शाल घडी करून पिशवीत घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू एकटाच जेवत व्हतास रं. म्हणून रोज शिजवलं."