वसुधाताईंची चेष्टा

वसुधाताई गेल्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्या अभ्यासमंडळाच्या ग्रुपवर एका पितळी पळीचा फोटो टाकला होता. खाली नेहमीचा प्रश्न : 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' कुणी पळी लिहिलं, कुणी डाव, कुणी ओगराळं. मी म्हटलं, सकाळी सावकाश लिहू. सकाळी त्या उत्तरांच्या खाली त्यांच्या मुलाचा निरोप होता... माझं उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

ताई निवृत्त प्राध्यापक, विषय संस्कृत. महिन्यातून एकदा निगडीला प्राधिकरणातल्या त्यांच्या घरी आम्ही जमायचो : माझ्यासारखे शाळामास्तर, कॉलेजातले दोन-तीन प्राध्यापक, पीएच.डी. करणारा सुदेश. आमच्या वर्गांतली निम्मी मुलं घरी मराठी बोलत नाहीत, त्यांना शिकवायचं कसं, हा विषय. लेख वाचायचे, चहा प्यायचा आणि कडाकडा भांडायचं. तिथे एकच नियम होता. खिडकीजवळची वेताची खुर्ची नव्या माणसाची, आणि बोलायला सुरुवातही त्यानेच करायची. मी मराठवाड्यातला. पहिल्या दिवशी खुर्चीत अवघडून बसलो आणि म्हणालो, "मी चाकणहून यायलो." पुढचा अर्धा तास ताईंनी चर्चेचा विषय बाजूला ठेवून त्या 'यायलो'चीच चौकशी केली. एवढ्या कौतुकाने माझ्या बोलण्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मला ताई तेव्हाच आवडल्या.

ताई अधूनमधून माझ्या चाकणच्या शाळेत गोष्टी सांगायला येत. एकदा त्यांनी चौथीतल्या ममताला धडा वाचायला उभं केलं. तिचे वडील ओडिशाहून इथल्या कंपनीत आलेले, पोरगी वर्गात नवी. पुस्तक हातात धरून ती हळूच म्हणाली, "मी चेष्टा करते." ताईंचा चेहरा उतरला. "माझी चेष्टा करतेस? बस खाली." ममता बसली, आणि त्या दिवसापासून तिने वर्गात तोंडच उघडलं नाही. महिन्याभराने तिचे वडील शाळेत आले. "सर, इसका मन नहीं लगता. गाँव भेज देता हूँ. बहुत हुआ स्कूल."

हे मी मंडळात सांगितलं. ताई म्हणाल्या, "तीच ना, माझी चेष्टा करणारी?" सुदेशचा अभ्यास पूर्वेकडच्या भाषांचा. तो जरा चाचरत म्हणाला, "ताई, ओडियात चेष्टा म्हणजे प्रयत्न."

ताईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "संस्कृतातसुद्धा तेच की रे. जन्मभर शिकवलं मी..." आणि स्वतःलाच हसल्या, पण डोळे भरले होते. त्या मुलीला मी गप्प केलं, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. माझ्या मनात पुष्कळ दिवस एक शंका होती की आमच्या या गप्पांचा शाळेला उपयोग काय. त्या दिवशी ती फिटली. वर्गातली चूक वर्गातच राहिली असती तर ममता उर्मट ठरून गावी गेली असती. इथे आणल्यावर त्या चुकीचा प्रश्न झाला आणि तो कुणालातरी सुटला.

दुसऱ्या दिवशी ताई बसने चाकणला हजर. सुदेशकडून घोकून आणलेलं वाक्य त्यांनी वर्गासमोर म्हटलं, "मुं चेष्टा करुछी." उच्चार बहुधा भयंकर असावा, कारण ममता खुदकन हसली आणि तिने तो सुधारला. ताईंनी पुन्हा म्हटलं, तिने पुन्हा सुधारला. ताईंना शिकवता शिकवता ती बोलती झाली. वडिलांना ताई स्वतः भेटल्या, आणि ममता गावी गेली नाही. पुढे अशा फसव्या शब्दांचा तक्ता आम्ही आपापल्या वर्गांत लावला. हिंदीतली शिक्षा आणि आपली शिक्षा त्यात शेजारी शेजारी आहेत, आणि मुलं त्यावर रोज खिदळतात.

गेल्या आठवड्यात, ताईंनंतर पहिल्यांदाच, आम्ही त्यांच्या घरी जमलो. चहा झाला, पण सुरुवात कुणालाच करवेना. ममताही आली होती. आता कॉलेजात आहे, मराठी घेऊन बी.ए. करते. मंडळात तिचा पहिलाच दिवस. ती दाराशीच घुटमळत होती, तेव्हा सुदेशने खिडकीकडे बोट दाखवलं. ती वेताच्या खुर्चीत टेकली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं...

"मी चेष्टा करते," ती म्हणाली, आणि बोलायला लागली.