चालत येणारा ताप

कुणी सल्ला दिला की त्या गालावर बोट ठेवून म्हणायच्या, "अय्या, हे मला सुचलंच नव्हतं!" सल्ला देणारा खूश होऊन जायचा. टोमणा कळायला थोडी अक्कल लागते. ती आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीने दुसऱ्यांना वाटून संपवली होती. तुमच्याही इमारतीत असतीलच असे दानशूर.

त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. त्यांची मुलगी चार वर्षांची असताना तापली, झटके आले. विषाणू मेंदूपर्यंत पोचला होता. ती वाचली, पण शिकलेलं बोलणं पुसलं गेलं. आता उंचीने आईएवढी, समज मात्र चार वर्षांचीच राहिलेली. घराबाहेर त्या तिच्यावरची नजर क्षणभरही हटवायच्या नाहीत.

बदाम, उतारा, "लग्न करून टाका, सुधारेल". आमच्याकडे सगळे उपचार तयार होते. डॉक्टर तेवढे उगाच शिकले.

एकदा सेक्रेटरींच्या बायकोने मुलीला पाहून आपल्या नातवाला लिफ्टबाहेर ओढलं. "नाही, म्हणजे... हिला व्हायरल होतं ना?"

"हो, पण बारा वर्षांपूर्वी," त्या गोड हसल्या. "तुमच्या मजल्यावर पोचायला वेळ लागेल. चालत येतोय."

तेव्हापासून मायलेकींना लिफ्टमध्ये ऐसपैस जागा मिळू लागली.

मग एका दुपारी तोच नातू तापाने फणफणला, त्यालाही झटके आले. घरात एकटी असलेली आजी त्याला घेऊन थेट यांच्या दारात. आता चांगलं ऐकवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मुलीला माझ्याकडे सोपवलं आणि गाडीची किल्ली उचलली. "त्याला कुशीवर धरा. तोंडात काही घालू नका. चला."

पोरगा बरा होऊन आला. आजी पेढे घेऊन आल्या, तेव्हा मी तिथेच होतो.

"वेळेवर नेलं म्हणून निभावलं," आजी म्हणाल्या. "तुमच्या वेळी उशीर झाला असेल, नाही?"

त्यांचं बोट गालावर जायची मी वाट पाहिली. गेलं नाही.

"नाही हो. आम्हीसुद्धा लगेच नेलं होतं."

आजी पेढ्यांचा डबा ठेवून, एकही सल्ला न देता निघाल्या. आमच्या सोसायटीत हे प्रथमच घडलं.

पुढे त्यांच्या मिस्टरांची उरणला बदली झाली आणि ते घर रिकामं झालं.

मागच्या हिवाळ्यात मी सुकी मासळी आणायला उरणजवळच्या करंजाला गेलो होतो. वाळत घातलेल्या बोंबलांपाशी ती मुलगी काठी घेऊन कावळे हाकलत होती. "ए पोरी, तिकडं बघ, कावला हाय!" एक कोळीण तिच्यावर खेकसली. ती खिदळत धावली.

थोड्या अंतरावर उलट्या टोपलीवर बसून त्या चहा पीत होत्या. मुलीकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.